तिसऱ्या गाण्याचं बटण

बटण दाबायला मी "हो" म्हणालो, तिथंच सगळं बिघडलं. बायकोला आधी "नाही" म्हणावं, मग हवं तर पाय धरावेत. मी उलटं करतो. सत्तरी उलटली तरी अक्कल आली नाही (शिगेनोच्या मते आली होती, मला बघून परत गेली).

शिगेनो माझी बायको. सोमवारच्या नऊच्या मालिकेचं गाणं तिच्या डोक्यात शिरलं होतं. डोळ्यांवर केस आलेलं एक पोरगं गिटार बडवतं आणि 'तुझा हात सोडणार नाही' असं शिरा ताणून सांगतं. टोकियोपासून इथपर्यंत पोरी त्यापायी रडतात म्हणे. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आठालाच झोपतात, त्यांना पत्ता नाही.

वृद्धदिनाला सभागृहात दरवर्षी कुवाबाताबाई गातात आणि त्यांचा नवरा मागं बसून शामिसेन छेडतो. मग सगळे म्हणतात, काय जोडी आहे! यंदा शिगेनोनंही नाव दिलं.

"त्यांचा नवरा तीन तारा वाजवतो. तुम्हाला एक बटण जमेल ना?"

"जन्मभर तातामी शिवल्या मी. जाड चटईतून सुई घालणाऱ्याला बटण काय सांगतेस?"

"त्या बाईसमोर माझी फजिती झाली, तर मी निगाताला बहिणीकडे जाईन. भाताचा कुकर घेऊन."

कुकर घेऊन! बायकोशिवाय चार दिवस काढीन, पण भात मला शिजवता येत नाही.

त्या गाण्याची सीडी तळहाताएवढी. तीत तीन गाणी. पहिलं त्या पोराच्या आवाजातलं, दुसरं भलतंच, तिसरं पुन्हा पहिलंच, पण नुसतं वाद्यांचं. गाणाऱ्याची जागा मोकळी, तिथं आपण गायचं. तिसरं लागायला 'पुढे'चं बटण दोनदा दाबायचं. शिगेनोनं त्यावर लाल पट्टी चिकटवली. (यंत्रावरची अक्षरं इंग्रजी. मला जपानी वाचतानाही घाम फुटतो.)

त्या दिवशी मी पडद्यामागं यंत्राशी गुडघे मोडून बसलो. कुवाबाताबाईंचं झालं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष निशिगोरींनी शिगेनोचं नाव पुकारलं. एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. मग वाटलं, दुसऱ्यांदा नीट बसलं का? खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं.

गाणी तीनच. चौथं कुठून येणार? यंत्र फिरून पहिल्यावर आलं आणि ते पोरगं ओरडायला लागलं.

बंद करावं तर शिगेनो मुकी उभी राहणार. चालू ठेवावं तर हा केसाळ गातोय. डोळ्यांपुढं कुकर दिसू लागला, निगाताच्या गाडीत खिडकीजवळ बसलेला. मी आवाज कमी केला, घाबरून वाढवला, परत कमी केला. शिगेनो खमकी. तिनं त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

गाणं संपलं. मग टाळ्यांचा कडकडाट! बायका डोळे पुसत होत्या.

"हिराबुकीदादा, काय हो आवाज तुमचा!" अध्यक्ष पडद्याकडं बघून मला ओरडले. "आणि लग्नाला पन्नास वर्षं झाल्यावर बायकोला सांगताय, हात सोडणार नाही म्हणून!"

मी खुलासा करायला पडद्याबाहेर डोकं काढलं.

"वाका," शिगेनो दातांतून म्हणाली. "आणि तोंड उघडू नका."

मी कमरेत वाकलो. गाल लाल झालेली शिगेनो मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. तेवढ्यात कुवाबाताबाई उठल्या.

"पडद्याआडून कुणीही गाईल. पुढं येऊन गाऊ दे की एकदा!"

"हो हो! परत! परत!" सगळी सभा.

"घसा बसलाय," मी म्हणालो.

"आत्ता तर खणखणीत होता!" निशिगोरींनी माइक माझ्या हातात कोंबला. मी शिगेनोकडं पाहिलं. ती छताकडं बघत होती.

आता काय, गायलो. 'तुझा हात' एवढंच. दोन शब्द. तातामीचं गवत कापताना विळा दगडावर घसरावा तसा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कानातली यंत्रं काढून हातात घेतली. निशिगोरी माइक उलटासुलटा करून बघायला लागले.

"माइकच बिघडलाय," ते म्हणाले. भला माणूस.

कुवाबाताबाई पंख्याआड तोंड लपवून हसत होत्या. मी मनातल्या मनात तांदूळ किती पाण्यात धुतात ते आठवत होतो.

तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या ओताकी आजींनी शिगेनोची बाही ओढली. त्या हळू बोलल्या असं त्यांना वाटलं. ऐकलं सगळ्या सभागृहानं.

"काय गं, दोघांतला तुझा नवरा कोणता? मघाचा की हा?"

शिगेनोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मघाचा," ती म्हणाली. "हा बटण दाबायला आलाय."