कबाडासुराची बाजू

आमचे साडू विनायकराव टीव्हीकडे बघून हात वर करतात. नमस्काराला नव्हे, हरकत घ्यायला. समोर लहान मुलांचं कार्टून चालू असतं. रंगीबेरंगी कपड्यांतली पाच मुलं एका दाढीवाल्या राक्षसाला दोरीने करकचून बांधत असतात. आणि त्रेसष्ट वर्षांचा हा गृहस्थ खुर्चीत ताठ बसून, उजवा हात वर करून, शांतपणे म्हणतो, "हरकत. याने काय केलं ते अजून सांगितलेलं नाही."

मुलं ऐकत नाहीत. राक्षसही ऐकत नाही. विनायकराव हात थोडा वेळ तसाच ठेवतात, मग खाली घेतात. "नोंद झाली," म्हणतात आणि पुढचं बघायला लागतात.

साडू ही वस्तू निवडता येत नाही. बायकोबरोबर येते. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीकडून प्रश्न विचारायला हेच बसले होते, थोरले जावई म्हणून. "आधीची नोकरी आपण का सोडली?" असं त्यांनी मला विचारलं. माझी ती पहिलीच नोकरी होती. तरी त्यांच्या नजरेने मी इतका गांगरलो की सोडण्याचं कारण सांगून मोकळा झालो. लग्न जमलं ते सुनंदाला माझी दया आली म्हणून, असं ती आजही चारचौघांत सांगते.

घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना पिंपरीकडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होते. हजेरीची कार्डं सांभाळणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र भलतीकडेच होता. कारखान्यात एखाद्या कामगारावर ठपका आला, म्हणजे कुणी रात्रपाळीला मशीनशेजारी झोपला, कुणी सुपरवायझरला उलटून बोलला, की त्याला आरोपपत्र मिळे आणि बंद खोलीत चौकशी होई. त्या चौकशीत कामगाराला आपल्या बाजूने बोलायला एक सहकारी आणता येतो. तो सहकारी म्हणजे नाना. झोपलेल्याचेही नाना, उलटून बोललेल्याचेही नाना. माझ्या माहितीत ते एकही चौकशी जिंकले नाहीत. मी एकदा तसं बोलून दाखवलं.

"जिंकणं हा विषयच नाही, सुरेशराव," ते म्हणाले. "काढायचं तर काढा माणसाला. पण त्याचं म्हणणं कागदावर आलं पाहिजे. त्याच्या शब्दांत."

मग उदारीकरण आलं. माणसं कमी करायला कुणावर ठपका ठेवायची गरजच उरली नाही. स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. कुणी काही केलेलंच नाही म्हटल्यावर बचाव कशाचा करणार? नानांचा धंदा एका महिन्यात बसला. शेवटी त्यांनीही फॉर्म भरला. 'स्वेच्छेचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'सर्वांची झाली म्हणून.'

तीन वर्षांपूर्वी कुसुमताई गेल्या. त्या नानांच्या पत्नी, म्हणजे सुनंदाची मोठी बहीण. निखिलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, सदाशिव पेठेतल्या ब्लॉकला कुलूप लावलं आणि नानांना खराडीला अकराव्या मजल्यावर नेलं. निखिल आणि सूनबाई अदिती दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. गॅलरीतून दोघांच्या कंपन्यांच्या काचा दिसतात. माणसं दिसत नाहीत. ती संध्याकाळी दिसतात, तीही कानाला फोन लावलेली. उरली नात, रेवा. ती एक वाजता शाळेच्या बसने यायची. नाना गेटवर उभे असायचे. मग वरण-भात, मग थोडी झोप आणि चार वाजता कार्टून. नाना त्या दुपारींवर जगत होते असं मी म्हटलं तर त्यांना आवडणार नाही. पुरावा मागतील.

तर ते कार्टून. परदेशातून आलेलं, हिंदीत बोलणारं. एका चकचकीत शहरात झिलमिल टोळी नावाची पाच मुलं राहतात. शहराबाहेर कचऱ्याची टेकडी. तिच्यावर कबाडासुर राहतो. लोकांनी टाकून दिलेल्या सामानातून तो अगडबंब यंत्रं बनवतो, ती घेऊन खाली येतो, गडगडाटी हसतो, मुलांचा मार खातो आणि टेकडीवर परत जातो. मग मुलं गाणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी दोन भाग पाहिले आणि दुसऱ्यात झोपलो.

नानांनी मात्र याचं वकीलपत्र घेतलं. आणि समोर जो येईल त्याला ते कबाडासुर समजावून सांगायला लागले. एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी मठ्ठ्यापासून जिलबीपर्यंत सोडलं नाही. दाताच्या डॉक्टरला सांगितलं. त्याने मध्येच नानांच्या तोंडात कापूस कोंबला; तो उपचार म्हणून की उपाय म्हणून, ते कळायला मार्ग नाही.

"मुद्दा पहिला," नाना एकेक बोट धरून म्हणत. "त्याने एकही वस्तू चोरलेली नाही. तुम्ही फेकलेलं तो वापरतो. मुद्दा दुसरा, वेल्डिंग स्वतः करतो. डोळ्यांना चष्मा लावून, नियमाप्रमाणे. त्या पाच जणांनी एका तरी भागात साधा खिळा ठोकलेला मला दाखवा. नुसते उड्या मारतात. आणि टेकडी कुणाची? त्याची. हे वर जातात ते विचारून जातात का?"

"अहो नाना, पण तो राक्षस आहे!" मी एकदा म्हणालो.

"ते त्याचं पदनाम झालं. कृत्य सांगा."

"केवढ्याने हसतो!"

"मोठ्याने हसणं कुठल्या नियमात बसतं?"

मला नियम आठवेना. नसावाच बहुधा. सुनंदा आतून म्हणाली, "तुम्ही कशाला वाद घालता त्यांच्याशी? तुम्हाला तर कार्टूनही एका झटक्यात कळत नाही."

या शिकवणीचा परिणाम व्हायचा तो झाला. शाळेत बाईंनी एक चांगला माणूस आणि एक वाईट माणूस काढायला सांगितला. रेवाने चांगल्याच्या चौकटीत चष्मा लावलेला कबाडासुर काढला आणि दुसरी चौकट कोरी ठेवली. बाईंनी विचारलं, "वाईट माणूस कुठाय?" रेवा म्हणाली, "अजून सिद्ध नाही झालं." अदिती तेव्हा पोट धरधरून हसली. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं तिने.

पण मग रेवाचा सहावा वाढदिवस आला.

सोसायटीच्या हॉलमध्ये थाट होता. अदितीचे साहेब सहकुटुंब आले होते. केकवर झिलमिल टोळी होती. मुलांना लांबलांब फुगे वाटले गेले आणि निवेदिकेने माइकवरून आरोळी दिली, "बच्चों, देखो कौन आया!" दारातून कबाडासुर आला. पोत्याचा झगा, पत्र्याची तलवार, कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं. वीस मुलं फुगे उगारून धावली. मी दुसऱ्या बटाटेवड्यावर होतो, त्यामुळे नाना कधी उठले ते मला दिसलं नाही. दिसले ते एकदम मध्ये उभे. एका हातात डिश, दुसरा हात वर.

"थांबा! हात लावायचा नाही कुणी." मुलं निरनिराळ्या प्रांतांची, म्हणून पुढचं हिंदीत. "पहले बताओ, इसने किया क्या है?"

मुलं थांबली. एक चष्मेवाला मुलगा धीर करून म्हणाला, "अंकल, ही इज बॅड."

"बॅड इज ओपिनियन," नाना म्हणाले. "गिव्ह इन्स्टन्स."

आता कबाडासुराचाच धीर सुटला. त्याने लगद्याचं डोकं काढून बगलेत धरलं. आतून पन्नाशीचा, घामाघूम झालेला, वाघोलीकडचा एक माणूस निघाला. "आवो काका," तो कळवळून म्हणाला, "मारू द्या की पोरांना. त्याचीच तर सुपारी हाय. दोन मिन्टं मार खातो, पडतो आन जातो. मला अजून हडपसरला पडायचंय."

"घाबरू नका. बसा आधी," नाना म्हणाले. त्यांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली, स्वतःची डिश दिली. "नाव काय आपलं? किती वर्षं करताय हे?"

राक्षसाने डोकं उतरवून मांडीवर घेतलंय आणि तो सँडविच खातोय, हे दृश्य बघून एक मूल रडायला लागलं. मग चार. मग साहेबांचा मुलगा, सगळ्यांत वरच्या पट्टीत. रेवा तेवढी रडली नाही. तिने त्या माणसाला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि नानांच्या शेजारी उभी राहिली. अदिती भिंतीशी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि तिसरा वडा घेतला नाही, यावरून काय ते समजा.

पुढच्या रविवारी निखिलचा फोन. "काका, तुम्ही आणि मावशी या. बाबा तुमचं ऐकतात." हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नाना कुणाचंच ऐकत नाहीत. मी उलट उत्तर देत नाही, एवढंच.

आम्ही पोचलो तशी अदिती सरळ बोलली. "काका, वाढदिवसाचा राग नाहीये मला. म्हणजे आला होता, गेला. पण रेवाला शाळेत एक मैत्रीण उरलेली नाही. खेळात कुणावर राज्य आलं की ही त्याच्या बाजूने भांडत बसते. कुणी खेळायलाच घेत नाही तिला. ती सहा वर्षांची आहे हो. खालच्या पाळणाघरात तिच्या वयाची दहा मुलं आहेत. शाळेतून परस्पर तिथे जाईल, साडेसहाला मी घेऊन येईन."

म्हणजे नानांच्या दुपारी गेल्या. सगळे नानांकडे बघायला लागले. निखिल म्हणाला, "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी तासाभराच्या तयारीने बसलो होतो. दुसरा चहाही सांगून ठेवला होता. नानांनी मांडीवरच्या पेपरची घडी केली, तिच्यावरून हात फिरवला.

"काही नाही," ते म्हणाले. "मान्य आहे."

निखिल माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

मी घसा साफ करून म्हणालो, "मुलांना मुलं हवीत." या वाक्याला कुणीच हरकत घेऊ शकत नाही, हा त्याचा मोठा गुण. नानांनीही घेतली नाही. सात-आठ मिनिटांत सगळं आटपलं.

परतताना स्कूटरवर मी सुनंदाला म्हणालो, "बघ, किती अलगद सोडवलं." ती मागून म्हणाली, "टीव्हीतल्या राक्षसासाठी तास तास बोलणारा माणूस आज गप्प बसला, आणि तुम्ही चहा कधी येतोय ते बघत होतात." मी म्हणालो, रस्ता खराब आहे, नीट धरून बस.

महिन्याभराने सुनंदाने लिंबाच्या लोणच्याची बरणी देऊन मला खराडीला पिटाळलं. चारच्या सुमारास पोचलो. नानांनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. आत कार्टून चालू होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. नाना लगबगीने खुर्चीत बसले, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि पेन्सिलीने भराभर लिहायला लागले. मी वाकून बघितलं.

'आज रोजी कबाडासुर याने जुन्या कुकरपासून विमान तयार केले. तिसऱ्या शिट्टीला ते उडाले. झिलमिल टोळीचे म्हणणे: त्याला शहर उडवायचे आहे. कबाडासुराचे म्हणणे: विचारलेले नाही.'

"हे काय, नाना?"

"रेवाचा भाग बुडतो. संध्याकाळी वाचून दाखवतो तिला." त्यांनी खालचं कालचं पान काढून समासातल्या खुणा दाखवल्या. "इथे तिच्या शंका. काल विचारत होती, यंत्र बंद केल्यावर त्यातला धूर कुठे जातो? चांगली उलटतपासणी घेते हो. हल्ली पुरी घेत नाही. मध्येच झोप येते. दमते ना. दोन मैत्रिणी झाल्यात तिकडे. एक तर हिच्यासारखीच बडबडी आहे." पेन्सिलीचं टोक बघत ते म्हणाले, "अदितीचं बरोबर होतं. मी लेखी द्यायला तयार आहे."

जाहिराती लागल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, आणि विचारताना लक्षात आलं की हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "नाना, हा रोज मार खातो. मग रोज खाली येतो कशाला?"

नानांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. या प्रश्नाला बोट धरून मुद्दे नव्हते.

"वेळ बघितलीत का त्याची?" ते म्हणाले. "कुठलाही भाग घ्या. आधी शाळा सुटल्याची घंटा होते, मग हा टेकडी उतरतो. सकाळी कधीच येत नाही. शहर घ्यायचं असतं तर सकाळी यायचं. ती पाचही शाळेत असतात तेव्हा. वाटेत अडवायला कुणी नसतं."

"मग हे त्या दिवशी अदितीला का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी त्याची चौकशी नव्हती, सुरेशराव."

लोणच्याची बरणी अजून माझ्या मांडीवरच होती. ती कुठे ठेवावी ते मला सुचेना. जाहिराती संपल्या, दुसरा भाग सुरू झाला. पडद्यावर घंटा वाजली, दप्तरं उडवत मुलं फाटकातून बाहेर आली, आणि नाना खुर्चीत जरा पुढे सरकले.