शेवटचं कवा वापरलं?

आमच्या साखर कारखान्यात कोळेकर आप्पा येताना दिसले की माणसं आपापल्या वस्तू घाईघाईनं वापरायला लागतात. कुणी कोऱ्या कागदाला टाचणी मारतो, कुणी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरवर बेरजा करतो. कारण आप्पा नमस्कार-चमत्कार करत नाहीत. टेबलावरची एखादी वस्तू उचलतात आणि विचारतात, "ह्ये शेवटचं कवा वापरलं?"

मी शेतकी विभागात, आप्पा कॉम्प्युटर विभागात. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उसाच्या नोंदीचे, तोडणीचे, वजनाचे असे ढीगभर प्रोग्रॅम आहेत. कुठला प्रोग्रॅम शेवटचा कधी चालला, हे दाखवणारा स्क्रीन आप्पांनी स्वतः तयार केला. वर्षभर ज्याला कुणी हात लावला नाही, तो काढून टाकायचा. नियम चांगलाच होता. पण आप्पांनी तो ऑफिसाबाहेर नेला आणि सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. माझी जुनी छत्री त्यांनी परस्पर वॉचमनला देऊन टाकली. न्हावरे गावात त्यांच्या घरी तर वहिनींना लग्नातला शालू वाचवायला तो नेसून भाकरी थापाव्या लागल्या.

"नेसून नुसती बसले आसते वो," वहिनी मला म्हणाल्या, "पन ह्यांला त्ये चालत न्हाई."

खरंच चालत नाही. एकदा त्यांना बघून मी स्टेपलर उगाचच दाबला. आप्पांनी वाकून खाली पडलेली पिन उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"पवार, ह्यो वापर न्हवं, फसवणूक हाय. काम झालं पायजे, तवा वापर."

हे शहाणपण त्यांना फुकटात मिळालेलं नाही. नोकरीला नवे होते तेव्हा त्यांचा नियम सहा महिन्यांचा होता, आणि आमचा कारखाना पावसाळाभर बंद. दसऱ्याच्या सुमारास आप्पांनी स्क्रीन उघडला, तर उसाचा एकही प्रोग्रॅम कुणी वापरलेला दिसेना. आप्पांनी सगळे काढून टाकले. पुढं उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू झाला, गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि काट्यावर वजनाची चिठ्ठीच निघेना. शेजारच्या खुर्चीवरच्या सलीमभाईंनी साहेबांना सांगितलं, "लाइटीचा घोटाळा हाय, बसवतो दुपारपत्तुर," आणि जुन्या कॉपीतून एकेक प्रोग्रॅम परत आणला. आप्पांची नोकरी वाचली. त्या दिवसापासून दोघं एका डब्यात जेवायला लागले.

सलीमभाई शिरूरचे. मागच्या पावसाळ्यात ते अचानक गेले.

यंदा नवीन सॉफ्टवेअर आलं. ते बसवायला आलेल्या पुण्याच्या मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं, की या हंगामात ज्याचा वापर झाला नाही तो प्रोग्रॅम नव्यात घेणार नाही. त्यात एक होता बैलगाडीची चिठ्ठी छापणारा. सलीमभाईंनी लिहिलेला तेवढा एकच उरला होता; मागच्या हंगामात एक चुकार गाडी आली, म्हणून आप्पांच्या नियमातून तो वाचला होता.

"बैलगाड्या येतात का आता?" मॅडमनी विचारलं. सगळे हसले. आप्पा मात्र खाली बघत बसले.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हणालो, "आप्पा, एकदा खोटीच चिठ्ठी काढा ना. तारीख पडेल."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी पुन्हा उगाचच स्टेपलर दाबला होता.

पुढच्या आठवड्यात गेटवरून फोन आला. जाऊन बघतो तर ट्रक-ट्रॅक्टरच्या रांगेत एक बैलगाडी. वर ऊस, आणि कासरे धरून इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले कोळेकर आप्पा. ऊस त्यांच्या रानातला, बैलं वडगाव रासाईच्या मामांची. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"आरं, बैलाला काय रेस देऊ का?" आप्पा ओरडले.

गाडीचं वजन झालं. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आली. क्लार्कला प्रोग्रॅम कुठं आहे तेच आठवेना, आप्पांनी गाडीवरूनच सांगितलं. चिठ्ठी निघाली. नाव, वजन, आणि तळाशी सलीमभाईंनी कुणाला न विचारता घातलेली एक ओळ: 'बैलांना पाणी दाखवा, मग निघा.'

आप्पांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि बाहीनं डोळे पुसले. मलाही शिरूरच्या त्या शांत माणसाची फार आठवण आली.

"झाला आता वापर," मी म्हणालो. "मॅडमना काढून टाकता येणार नाही. चला, ऑफिसात चहा घेऊ."

"थांबा की वो पवार," आप्पा बैलं सोडत म्हणाले. "सलीमभाईनं काय सांगितलंय? आदी पानी, मंग निघायचं."

आणि बैलं घेऊन ते हौदाकडं निघाले.