पिकरेलची बँक आणि पिकरेलची दाढ

एझ्रा पिकरेलची दाढ पेरणी उरकताच ठणकायला लागली. नेब्रास्काच्या माळावरच्या विलो फोर्क गावात तो आधी घोड्यांची खोगिरं शिवायचा. माणूस सरळ, म्हणून लोक आपली शिल्लक त्याच्याकडे ठेवायला देत. ती वाढली तशी त्याने लोखंडी तिजोरी आणली, दारावर 'बँक' अशी पाटी लावली आणि शेतकऱ्यांना बियाण्यासाठी कर्ज देऊ लागला. बँक बरी चालली होती.

गावात दाढा उपटायचा तो लोहार बार्टलेट. त्याची सांडशी आठवून एझ्राने पहाटेची टपालगाडी धरली आणि मोठ्या गावी दंतवैद्याकडे निघाला. हातात पिशवी, तोंडाला फडकं. बार्टलेटनेच त्याला जाताना पाहिलं. तो चारचौघांत एवढंच म्हणाला, की तोंड झाकून, पिशवी घेऊन, अशा वेळी कोण जातं? दुपारपर्यंत गावाने उत्तर शोधून काढलं.

बँकेच्या दारात ही गर्दी. एझ्राची बायको लव्हिनिया बाहेर आली. लोकांनी पैसे मागितले.

"तिजोरीची किल्ली हे घेऊन गेलेत," तिने खरं ते सांगितलं. तिथेच सगळं बिघडलं.

संध्याकाळी एझ्रा उतरला. गालाचा भोपळा झालेला, तोंडात कापूस कोंबलेला. म्हाताऱ्या हॅना ग्रोव्हने पुढे होऊन विचारलं, "पोरा, आमचे पैसे आहेत ना रे आत?"

बोलता येईना, म्हणून 'काळजी करू नका' अशा अर्थाने त्याने दोन्ही हात हलवले. लोकांनी अर्थ घेतला, की काहीच उरलं नाही.

मग तिजोरी उघडून दाखवली तरी कोणी ऐकेना. होतं ते बघता बघता संपलं. उरलेलं शेतांत पेरलेलं, ते कापणीआधी हाती कसं येणार? एझ्राने घर विकलं, घोडे विकले, शेवटी तिजोरीही विकली. कुणाचं काही बुडवलं नाही. बँक मात्र बुडाली.

हिवाळ्यात तो भाड्याच्या खोपटात पुन्हा खोगिरं शिवत बसला होता. बार्टलेट आला, पैशांची पुरचुंडी समोर ठेवून म्हणाला, "गादीखाली ठेवलेत, डोळ्याला डोळा लागत नाही. तू ठेव बाबा."

"तिजोरी राहिली नाही आता."

"तिजोरी कोण मागतंय? तू आहेस ना."

एझ्राने टाका ओढून घेतला.

"मी तर तेव्हाही होतोच की रे," तो म्हणाला.