डिफ्रन्सल वाजतोय

स्कूटर घ्यायची असं ठरवून मी मंचरला गेलो आणि जीप घेऊन कळंबला परत आलो. नव्व्याण्णव सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बटाट्याच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीसमोर ती उभी होती. जुनी, हिरवी, फोर व्हील ड्राइव्ह. व्यापारी म्हणाला, "चारी चाकं वढत्यात राव. चिखलात घाला, न्हाईतर डोंगरावर." मी एका सरकारी कार्यालयात टपाल नोंदवणारा कारकून. (चिखल आणि डोंगर यांच्याशी माझा संबंध पाकिटावरच्या पत्त्यापुरता.)

पण ती जीप बघून मला आबा आठवले.

आबा, म्हणजे माझे वडील चांगदेव, फौजेत ड्रायव्हर होते. असल्याच गाड्या त्यांनी बर्फात चालवल्या होत्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी आई, जानकाबाई, गेली आणि तेव्हापासून आबा बोलायचे थांबले. रडलेही नाहीत. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मरणानंतरच्या कार्याला, सगळा गाव आला, तर आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. जेवायला वाढलं की जेवायचे, दिवा लावला की डोळे मिटायचे. घरात बोलायला मी आणि माझी बायको यशोधरा. आणि तीही शाळेत मास्तरीण, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिचं बोलणं बहुतेक संपलेलं असायचं.

तर जीप दारात उभी करून मी जोरात हॉर्न दिला. आबांनी एकदा मान वळवून पाहिलं आणि परत भिंतीकडे तोंड केलं. यशोधरा बाहेर आली, जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "स्कूटर आत ठेवलीय का?"

आठवडाभरात दुसरी गोष्ट लक्षात आली. जीप जरा वेगात गेली की मागून आवाज यायचा. घूंऽऽ! जणू मागच्या सीटखाली कुणी भोवरा सोडलाय. हायवेवर सावळेराम मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथे नेली. सावळेरामने जीप जॅकवर घेतली, मागची चाकं फिरवली, पेचकस खाली टेकवून त्याच्या मुठीला कान लावला आणि म्हणाला, "डिफ्रन्सल असंल. न्हाईतर नसंल बी. खोलून बघाय लागंल."

यातलं मला फक्त 'डिफ्रन्सल असंल' एवढंच ऐकू आलं. घरी येताना मी त्या क्षेत्रातला माणूस होऊन आलो.

"डिफरन्शियल म्हणजे काय?" यशोधरेने भाकरी थापता थापता विचारलं.

"मागच्या दोन चाकांच्या मधला डबा. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोघांना आपापल्या मनासारखं फिरू देतो, तरी गाडी एकच चालते."

"मग तसला एक आपल्या घरात बसवून घ्या."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "मागचा का फुडचा?"

यशोधरेची भाकरी परातीतच राहिली. मी इकडेतिकडे पाहिलं. पावसाळ्यानंतर आबांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो एवढा साधा होता, जणू ते कालही बोलले होते.

"मागचा, आबा."

"पाय ठिवल्यावर वाजतो का पाय काढल्यावर?"

"कसला पाय?"

"तुजा! अॅक्सिलेटरवरचा!"

मला ते ठाऊक नव्हतं. आबा खाटेवरून उठले आणि खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "ह्येवढं बी बघितलं न्हाई आन् म्हणं डिफ्रन्सल गेला. चल, काढ गाडी. उद्या न्हाई, आत्ता."

यशोधरा जेवणं तशीच झाकून मागे आली. दुपारची वेळ, रविवार. आबा माझ्या शेजारी बसले. पण फौजेतल्या तोफांनी त्यांचा एक कान नेला होता आणि दुसरा म्हातारपणाने चालवला होता. मागचं ऐकणार कोण? मी स्टिअरिंगवर. शेवटी यशोधरा म्हणाली, "मी ऐकते." मागच्या फळीवर बटाट्याची रिकामी पोती अंथरून ती आडवी झाली, पदर डोक्यावरून घेतला आणि कान फळीला लावला. मागचा पडदा नव्हताच, त्यामुळे हे दृश्य सगळ्या हायवेला दिसत होतं.

"पाय ठिव!" आबा ओरडायचे. मी ठेवायचो. "पाय काढ!" मी काढायचो. जीप कधी पळायची, कधी रेंगाळायची. आबांचा चेहरा गंभीर, माझा त्याहून गंभीर. (मला वाटत होतं की मी निदान करतोय.)

गावाच्या फाट्यावर आमचे शेजारी धर्माजी उभे होते, तोंडात तंबाखू. जीप तेव्हा 'पाय काढ'मध्ये होती, म्हणजे बैलगाडीच्या वेगात. धर्माजींनी हात वर करून विचारलं, "काय झालं, आबा?"

आबांना ओठांवरून प्रश्न कळला. त्यांनी भरल्या गळ्याने (त्यांचा गळा इतके महिने न वापरल्याने बसला होता) ओरडून सांगितलं, "मागचं गेलंय रं!"

धर्माजींनी मागे पाहिलं. मागे पोत्यांवर, पदराने तोंड झाकलेली, हलत नसलेली माझी बायको होती. आरशात मला धर्माजी तंबाखू थुंकून गावाकडे पळताना दिसले. मला वाटलं, त्यांची एसटी आली असेल.

आम्ही मंचरपर्यंत गेलो, परत फिरलो, मग आबा म्हणाले, "कच्च्या रस्त्याला घे," म्हणून कालव्याच्या कडेने मुरमाच्या वाटेवर खूप हिंडलो. आबा हातवारे करत होते, काश्मीरमधल्या कुठल्याशा घाटाबद्दल सांगत होते. मला एक अक्षर नीट ऐकू आलं नाही, तरी मी पुन्हा पुन्हा "हो आबा" म्हणत होतो.

उन्हं उतरताना घरी आलो, तर अंगणात माणसं. बायका तोंडाला पदर लावून ओट्याला टेकून बसलेल्या, पुरुष भिंतीकडेने उभे. दोघे जण बांबू बघायला गेले होते, असं नंतर कळलं. मंचरहून माझी सासू चिमाबाई येऊन पोचली होती आणि तिचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता.

"आगं माझ्या यशेऽऽ!"

"काय गं आई?" म्हणत यशोधरा मागून उडी मारून खाली उतरली. केसांत मुरमाची धूळ, गालावर ग्रीसचा पट्टा. चिमाबाईंनी लेकीकडे पाहिलं, तिला घट्ट मिठी मारली, आणि मग मिठी न सोडताच तिच्या पाठीत दोन जोरदार गुद्दे घातले.

"धर्माजी!" कुणीतरी खेकसलं.

"आबाच म्हनले, मागचं गेलंय!"

"मागचा डिफ्रन्सल!" मी म्हणालो. (डिफरन्शियल गेल्याची बातमी सुतकाला जमलेल्या माणसांना सांगणं किती अवघड असतं, हे सांगून कळायचं नाही.)

काही जण हसायला लागले. मीही हसलो. मग लक्षात आलं, आबा जीपमधून उतरलेच नव्हते. ते त्या सगळ्या माणसांकडे एकेक करून बघत होते.

"रत्ना," त्यांनी मला विचारलं, "हीच मानसं आली व्हती का तवा? तुज्या आईच्या टायमाला?"

"हो आबा. हीच."

"मला कुनीच दिसलं न्हाई रं," ते म्हणाले. "एक बी दिसलं न्हाई."

आणि त्यांनी समोरच्या पत्र्यावर डोकं टेकलं. खांदे हलायला लागले. मी पुढे झालो, पण यशोधरेने माझा हात धरला. धर्माजी जाऊन आबांच्या शेजारी जीपमध्ये बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिले. बायकांचे पदर परत तोंडाला गेले. माझ्या बायकोसाठी रडायला आलेली माणसं माझ्या आईसाठी रडली. मीही रडलो. हिशेबाने तेवढं रडणं आमच्या घरात राहिलंच होतं.

मग यशोधरेने स्वतःच्या मयताला आलेल्या माणसांसाठी चहा ठेवला. कप देता देता ती आबांना म्हणाली, "आबा, पाय ठेवला काय, काढला काय, आवाज तोच येतो. आणि कालव्याच्या वाटेवर तर अजिबातच नव्हता."

आबांनी नाक पुसलं. डोळे लाल होते, पण त्यांत काहीतरी जागं झालं होतं. "आसं? मग टायर हायेत. येकाकडनं खाल्लेत. डांबरावर वाजत्यात, मातीवर गप. डिफ्रन्सल वाजला आसता, तर पाय काढल्यावर सूर बदलला आसता."

"मला तीच शंका होती," मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सावळेरामने मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले, तर आवाजही पुढे आला. नवे टायर बसले आणि जीप गप्प झाली. आबा मात्र झाले नाहीत. सकाळी उठून ते बॉनेट उघडायचे, दुपारी धर्माजींना घेऊन कुठेतरी जायचे, संध्याकाळी यशोधरेला सांगायचे. कधी मध्येच थांबून आईचं नाव घ्यायचे, मग जरा वेळाने पुढे बोलायचे.

महिन्याभराने त्यांनी आम्हाला आणेच्या पठारावर त्यांच्या बहिणीकडे नेलं. जाताना आणि येताना तेच चालवत होते, यशोधरा शेजारी, मी मागे. आत्याने पुरणपोळ्या केल्या होत्या. परतीचा घाट उतरून थोडं पुढे आलो, तोवरचं मला आठवतं. पुढचं यशोधरेने सांगितलं.

आबांनी एकदम जीप बाजूला घेतली. "परत वाजाय लागला! मागनंच येतोय. या वक्ताला डिफ्रन्सलच!" ते खाली उतरले, सदरा काढून गाडीखाली शिरले, मागच्या डब्याला हात लावला, नट चाचपले, कान टेकवला. बऱ्याच वेळाने धुळीने माखून बाहेर आले आणि यशोधरेला म्हणाले, "पोरी, इंजान बंद हाय ना?"

"केव्हाच केलंय, आबा."

"मग आवाज कसा येतोय?"

यशोधरेने मागे बोट दाखवलं. आबांनी वाकून माझ्या उघड्या तोंडाशी आपला बरा कान नेला, नीट ऐकलं, सदरा घातला आणि परत स्टिअरिंगवर बसले.

"ह्येला काय इलाज न्हाई," ते म्हणाले. "ह्येचा पार्ट मिळत न्हाई."