चांदीनं तपासलेला पूल

अंगद सरांचा तुराट्यांवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर सहावीच्या अक्षतावरही फारसा नव्हता. हसनाबादजवळच्या त्यांच्या शाळेत मुलांना पूल बांधायचा होता. दोन बाकांमध्ये चार फुटांचं अंतर, साहित्य शेतातलं, आणि पुलानं वीस किलो वजन पाच मिनिटं पेलायचं. पेललं तर शाळा पहिल्यांदाच तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होती.

अक्षतानं तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, त्रिकोण सुतळीनं आवळून पूल उभा केला. सरांना तो फारच रोडका वाटला.

"सर, तिरकोनात ताकद असती. तुम्हीच शिकवल्तं," अक्षता म्हणाली.

"ते फळ्यावर ठीक आहे. तपासणीला येणाऱ्या मॅडमसमोर मोडला तर?" असं म्हणत सरांनी स्वतःच्या हातानं त्यावर ज्वारीच्या कडब्याच्या तीन पेंढ्या चढवल्या. पूल गंजीसारखा दिसू लागला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

तपासणीला केंद्रप्रमुख प्रेमला मॅडम आल्या. वजनासाठी ज्या किराणा दुकानातून वीस किलो साखर आणायची होती, ते नेमकं बंद निघालं. तेवढ्यात अक्षताचे आजोबा रखमाजी शेळी घेऊन शाळेवरून चालले होते.

"ही चांदी बराबर एकवीस किलो हाय," ते म्हणाले. "काल बाजारात काट्यावर चढवल्ती. भाव जमला न्हाई, मंग वापस आणली."

मॅडमनी मोबाइलवर वेळ लावली. चांदी पुलावर चढली, चारी पाय रोवून उभी राहिली, आणि सर सुटकेचा श्वास सोडणार तोच तिनं मान खाली घालून पूल खायला सुरुवात केली.

"मॅडम, वजन पूल खाऊन राह्यलं," एका पोरानं कळवलं.

मॅडमनी नियमांचा कागद चाळला. "वजनानं खाऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही."

"रखमाजी, उतरवा हो तिला," सर कळवळून म्हणाले.

"मोजमाप चालू हाय, सर. सरकारी कामात मी कसा हात घालू?"

चांदीनं खाल्लं थोडं आणि ओढून पाडलं फार. चौथ्या मिनिटाला शेवटची पेंढी खाली गेली. सरांना राहवेना. ते धावले आणि त्यांनी दावं खेचलं. चांदी अलगद उडी मारून उतरली, सरांचा तोल गेला, आणि ते पुलावर बसले.

सर डोळे मिटून तुराट्या मोडायची वाट पाहत राहिले.

"हलू नका सर," मॅडम म्हणाल्या. "अजून एक मिनिट आहे. वजन किती तुमचं?"

"अडुसष्ट," सर पुटपुटले.

अक्षतानं वाकून खाली पाहिलं. "सर, एक बी तुराटी हलली न्हाई. तुमचा कडबाच तेवढा गेला."

सरांना भरवर्गात लाज वाटली आणि पोरीचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यामुळे ते मिनिट संपल्यावरही तसेच बसून राहिले. पूल पास झाला. माहितीचा फॉर्म मुलांनीच भरायचा असल्यामुळे तो अक्षतानं भरला.

आठवड्यानं तालुक्याहून निवडीचं छापील प्रमाणपत्र आलं. 'रचना: अक्षता. जादा साहित्य कमी करण्यासाठी मार्गदर्शन: चांदी. भार: अंगद सर.'

सरांनी दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. प्रमाणपत्र तीनदा वाचलं, पण त्यात चूक काही सापडेना.