सासूबाईंसाठी एक पिशवी

पिशवी शिवणं म्हणजे काय हो? कापडाचे दोन चौकोन, तीन टिपा आणि दोन पट्टे! यात न जमण्यासारखं आहे काय?

अगदी हेच मी फोनवर आमच्या साडूंना ऐकवलं. सासूबाईंच्या वाढदिवसाला हे गृहस्थ दरवर्षी असं काहीतरी झगमगीत आणतात की माझा पुष्पगुच्छ कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. यंदा म्हटलं, स्वतः छापलेली आणि स्वतः शिवलेली पिशवी द्यायची!

"वा!" साडू म्हणाले. "कुठल्या दुकानातून स्वतः शिवणार?"

झालं! आता माघार नाही!

"अहो, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही," बायको म्हणाली.

"कलावंत दोरा ओवत नसतो. तो तू ओव."

तिनं ओवला. मी अर्ध्या बटाट्यावर हंस कोरला. काय त्याची मान, काय तो डौल! रंगात बुडवून जाड पांढऱ्या कापडावर थपाथप ठसे उमटवले आणि बायकोला हाक मारली.

"अय्या, गमबूट सुरेख आलेत!"

"गमबूट कुठले?" बाबा खुर्चीतूनच म्हणाले. "किटल्या आहेत त्या. तोटी दिसतेय की!"

घरात कलेची ही कदर! मी सरळ मशीनवर बसलो. वाढदिवसाचं जेवण आमच्याकडेच होतं, पाहुणे संध्याकाळी येणार होते. आधी पट्ट्यांचं एकेक टोक जोडलं, दुसरं सावकाश जोडू म्हटलं. मग पायडल दाबलं आणि मशीन जे सुटलं ते शेपटीला फटाके बांधल्यासारखं! एक बाजू झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. हात असा बसला होता की थांबवेना! चौथीवरही टीप मारली, आणि उसवू नये म्हणून वरून आणखी दोन!

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

मी ऐटीत उठलो. पिशवीही उठली. मी वळलो, तीही वळली. माझ्या सदऱ्याचा घेर त्या चौथ्या टिपेत पक्का शिवला गेला होता!

"कात्री!" मी ओरडलो.

"सदरा कापायचा नाही!" बायको ओरडली. "मी घेतलाय तो!"

"मग काढतो सदरा!"

"आणि आईसमोर बनियनवर जाणार?"

या वादात बाबांनी शांतपणे उठून दार उघडलं. समोर सासूबाई, मागे मेव्हणी, तिच्यामागे भलं मोठं खोकं कवटाळलेले साडू. आणि मी? पोटावर किटल्या लटकवून उभा!

साडूंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण सासूबाईंनी गालावर हात ठेवला.

"अगं बाई, एप्रन! बांधायला बंदसुद्धा आहेत! म्हणजे आज स्वयंपाक जावईबापू करणार?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं छताकडे पाहिलं. साडू माझ्याकडे पाहत होते, आणि तिथेच माझा घात झाला.

"अर्थातच!" मी म्हणालो आणि दोन्ही पट्टे कमरेमागे बांधून टाकले. "हीच तुमची भेट!"

बायकोनं केलेला सगळा स्वयंपाक झाकून ठेवावा लागला. मला येतं फक्त ऑम्लेट. सहा माणसांची ऑम्लेट! पहिलं करपलं, दुसरं तव्याला चिकटलं, तिसरं उलटताना ओट्याखाली गेलं.

"नुसते बघताय काय?" सासूबाई साडूंना म्हणाल्या. "कांदे चिरा!"

तुम्हाला सांगतो, भारीतल्या शर्टात घळाघळा रडणारे साडू बघताना माझ्या हाताला काय चव आली! पुढची ऑम्लेट बायकोनंही मागून घेतली.

जेवणं झाल्यावर मी खरं काय ते सांगून टाकलं. सासूबाई पोट धरधरून हसल्या, पर्समधली छोटी कात्री काढून त्यांनी सदऱ्यात अडकलेले टाके तेवढे कापून तो सोडवला आणि भेट हातात घेऊन बघू लागल्या. उलट केली, सुलट केली.

"जावईबापू, पिशवी ना ही? मग हिचं तोंड कुठंय?"

साडू पुढे सरकले. त्यांचे डोळे अजून लाल होते, पण आत दिवाळीची रोषणाई झाली होती!

"उशी आहे ती," मी घाईघाईनं म्हणालो.

उशी सासूबाईंना मनापासून आवडली. कापूस भरून द्या म्हणून काल परत पाठवलीय. एक बाजू उसवून मी कापूस भरलाय, आता ती पुन्हा शिवायला मशीनवर बसलोय. या खेपेला कोणीही बेल वाजवू नका. मी सदरा काढून बसलोय!