गाडी खालून पाहणारे नाना

घरी चहाला आलेला माणूस आधी कप उचलतो. मुरलीनानांनी ट्रे उचलला. कप टेबलावर ठेवले, बिस्किटं वर्तमानपत्रावर ओतली, ट्रे उलटा केला आणि शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीचं काळं लोहचुंबक काढून त्याच्या पाठीला लावलं. चुंबक चिकटलं; चांगल्या स्टीलला ते चिकटत नाही. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो ट्रे मीच मागच्या अंगणात ओतून तयार केला होता.

"अक्का, स्टील हलकं शे."

"माहेरचा आहे हो तो."

"म्हनूनच सांगस," असं म्हणून नाना शांतपणे चहा प्यायले.

धुळ्यात साक्री रोडला आमच्या शेजारचं घर त्यांनी घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. पुढे कळलं की नाना वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. जळगावच्या बाजारपेठेपासून पिंपळनेरच्या आठवडे बाजारापर्यंत तराजू उलटे करण्यात त्यांचा जन्म गेला. हे चुंबकही एका किराणावाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं सापडलं होतं. "वरून सगळ्यांचं बरोबरच असतं. खालून पाहा," हे त्यांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. ते कलिंगड खालून पाहत, खुर्ची खालून पाहत, लग्नाच्या पंगतीत ताटही वाढायच्या आधी उलटं करून घेत. एरवी ते कचेरीतलं स्वच्छ मराठी बोलत. मनातलं बोलायचं झालं की अहिराणीत शिरत. आणि मनात बहुतेक वेळा संशयच असे.

"यामा काहीतरी शे," हे वाक्य तर दिवसातून कितीतरी वेळा कानावर येई. दूधवाला हसला, यामा काहीतरी शे. दूधवाला हसला नाही, तरी काहीतरी शेच. त्यांची मुलगी सुरतेला असते. ती दर रविवारी फोन करते. "रविवारीच का बरं करते?" नानांनी मला एकदा विचारलं होतं. "त्या दिवशी कंपनीची काही स्कीम असेल."

अशा माणसानं आयुष्यात एकच वस्तू खालून न पाहता घेतली, ती म्हणजे गाडी. शोरूममध्ये आडवं व्हायला जागा नव्हती, असं ते सांगतात. नानांच्या घरच्या, आमच्या वहिनी, तेव्हा होत्या. गाडीला झेंडूचा हार, हातात थर्माकोलची भली मोठी किल्ली, तोंडात पेढा. पेढा तोंडात असताना माणसाला संशय घेता येत नाही. पुढच्या वर्षी वहिनी गेल्या आणि नाना व गाडी असे दोघेच उरले.

मग एका उन्हाळ्यात लळिंगचा घाट उतरताना नानांच्या पायाला खालून गरम झळ लागली. घरी येऊन त्यांनी पायाखालची मॅट उचलली, पत्र्यावर बोट टेकवलं, आणि बोट आरपार गेलं. गाडीचा तळ पापडासारखा झाला होता. गंजानं खाल्लेला.

आमचीही गाडी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. मुलानं घेतली आणि पुण्याला जाताना आमच्याकडे ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले, तर आमच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. मी घाबरले नाही. मी आधी चपला ओळखल्या.

"नाना, निदान बेल तरी वाजवायची."

"बेल वाजाडी तं मानूस सावध व्हस," गाडीखालून उत्तर आलं. मग जरा वेळानं, "तुमनी बी गयी, अक्का." तळ सडण्याबद्दल इतक्या आनंदानं बोललेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

कंपनीची गंजाची हमी होती आणि मुदतही शिल्लक होती. पण कंपनी मोठी नमुनेदार. तिचं म्हणणं, पत्र्याला छिद्र आतून बाहेर पडलं असेल तरच हमी लागू होते. बाहेरून आत गेलं असेल तर नाही. नाना चार दिवस गाडीखाली निजून त्या छिद्राकडे पाहत राहिले. "हाई ऊनं का गयं, मी कसं सांगू?" छिद्र आत आलं की बाहेर गेलं, हे त्यांनाही ठरवता येईना. वर कंपनीनं असंही कळवलं की हा गंज सागरी हवामानामुळे आला असावा. आमच्या धुळ्यात पांझरा नदीला पाणी आलं तरी लोक पुलावर पाहायला जातात. पण नाना हसले नाहीत. आपल्याकडे समुद्र आहे ही बातमी कंपनीला कोणी पुरवली, याचा ते तपास करू लागले. पहिला संशय माझ्यावर. मी मागे अलिबागला जाऊन आले होते.

त्याच मॉडेलचे आणखी मालक नानांनीच शोधून काढले. रस्त्यात तशी गाडी दिसली की हे तिच्यामागे जाऊन उभे. रावेरकडचे केळीचे व्यापारी पाटीलभाऊ असेच सापडले, साक्रीच्या शाळेतल्या बैसाणे मॅडम अशाच सापडल्या. आणखी दोन-चार मिळाले. सगळ्यांनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली. पैसे नकोत, सडलेली बॉडी बदलून द्या, एवढंच मागणं.

पहिली बैठक पाटीलभाऊंच्या मळ्यात ठरली. खान्देशात हिवाळ्यात मळ्यात बैठक म्हणजे काय, ते सांगायला नको. तुराट्यांवर वांगी भाजली गेली, केळीच्या पानांवर भरीत आलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या आणि गंजाचा विषय सगळे विसरले. एका पानासमोरची जागा रिकामी होती. नाना गाड्यांखाली होते.

"नाना, या ना जेवायला," पाटीलभाऊंनी हाक मारली.

"तुम्ही खा. मी पाहस, कोनाले खरंच जंग शे आनि कोन नुसता भरीत खावाले ऊना."

पाटीलभाऊंचा घास हातातच राहिला. बैसाणे मॅडमच्या गाडीखाली नाना सगळ्यात जास्त वेळ होते. बाहेर आले ते केसांत वाळलं गवत घेऊन, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडमनी सगळ्यामा वाईट शे. दरवाजाना खालना पत्राच नही ऱ्हायना." मग मात्र दोन भाकरी जास्त जेवले.

पुढे कंपनीचा माणूस पुण्याहून गाड्या तपासायला येणार असं ठरलं. हायवेवरच्या एका सर्व्हिस सेंटरला सगळ्यांनी गाड्या आणायच्या. आणि इथे आम्ही मंडळींनी जे केलं, ते आम्हीच करू जाणे. गंज दाखवायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एवढ्या लांबून पाहुणा येणार आणि आपण त्याला असली गाडी दाखवायची? पाटीलभाऊंनी गाडी पॉलिश करून आणली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून. मी सीटला नवी कव्हरं घातली, तीही मोरांची. बैसाणे मॅडमच्या यजमानांनी तर कमालच केली. साक्रीच्या गॅरेजमध्ये नेऊन दरवाज्यांच्या खाली सडलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेतली आणि वरून रंग मारला. गाडी नवरीसारखी उभी.

मला एकदम माझा दाखवण्याचा कार्यक्रम आठवला. तेव्हा मी अठरा वर्षांची आणि जगातली सर्वांत हुशार मुलगी होते. गालावर कांजिण्यांचे वण होते, त्यांवर मी पावडरचे इतके थर दिले की गाल चुन्यानं सारवलेल्या भिंतीसारखा झाला. पावडर एका गालालाच पुरली, म्हणून दुसरा गाल खिडकीपासून लांब, अंधारात ठेवून बसले. शिवाय अंधारात डोळे मोठे दिसतात, हेही मी कुठेतरी वाचलं होतं. होणाऱ्या सासूबाई उठल्या, "घाम आलाय गं पोरीला," म्हणाल्या आणि ओल्या पदरानं एका हातात सगळा गाल पुसून मोकळ्या झाल्या. मग त्यांनी पदर पाहिला, मला पाहिलं आणि होकार दिला. मला आजही वाटतं, त्या मुलगी पाहायला आल्याच नव्हत्या. त्या मुलगी किती लपवते, ते पाहायला आल्या होत्या.

पुण्याचा माणूस सौम्य होता. बारीक मिशी, हळू आवाज. त्यानं नमस्कार केला आणि खिशातून चुंबक काढलं.

नानांचा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडे गेला. दुसऱ्याच्या हातात चुंबक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

बैसाणे मॅडमच्या दरवाज्याला चुंबक लागलं आणि घसरून खाली पडलं. माणसानं ते उचललं, परत लावलं, ते परत पडलं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी. "बाहेर दुरुस्ती केली आहे," तो म्हणाला. "आता मूळ गंज होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. या गाडीची हमी राहत नाही."

मॅडमचे यजमान वाकून ती रंगवलेली जागा नखानं खरवडू लागले.

नाना पुढे झाले. मला वाटलं, मॅडमच्या बाजूनं बोलतील. ते मॅडमनाच म्हणाले, "तुमले कंपनीनीच सांगं व्हतं का हाई कराले?"

बैसाणे मॅडम मुलांना शिकवणाऱ्या. त्यांचा आवाज चढला नाही. "नाना, पाटलांच्या मळ्यात तुम्ही माझ्या गाडीखाली निजला होता. सगळ्यांनी पाहिलं. काय दिसलं ते सांगा ना साहेबांना."

नोकरीत दुकानदारांचे तराजू जप्त करताना नानांनी कितीतरी लोकांना पंच म्हणून उभं केलं होतं, आणि ते लोक पुढे तारखांना कसे झिजले तेही पाहिलं होतं. साक्ष द्यायची नाही, लिहून तर मुळीच द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी चुंबक खिशात खोल सारलं आणि गाडीत जाऊन बसले. बैसाणे मॅडम नानांच्या गाडीकडे पाहत उभ्या राहिल्या.

त्यानंतर आम्ही नानांचेच शिष्य झालो. म्हणजे नानांवर संशय घेऊ लागलो. आणि एका दुपारी संशयाला फळ आलं. मी खिडकीत कोथिंबीर निवडत होते, तर नानांच्या फाटकाशी पुण्याची गाडी. बारीक मिशीवाला उतरला. नानांनी स्वतः फाटक उघडलं. आत नेलं. माझी कोथिंबीर संपली, मी मेथी घेतली, मेथीही संपली, तरी माणूस बाहेर येईना. निघाला तेव्हा नाना त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आले. त्यांनी हातसुद्धा हलवला.

मी पाटीलभाऊंना फोन केला. "नाना फुटना," ते म्हणाले. "अक्का, तुम्ही जाऊन पाहा. मी थांबतो फोनजवळ."

नुसतं कसं जायचं, म्हणून वाटीभर शेवभाजी घेतली. माझ्या तरुणपणी मी चोरून ऐकायला गेले की दाराला कान लावत असे आणि बांगड्या वाजून पकडली जात असे. आता मी वाटी घेऊन सरळ समोरून जाते. कोणालाच संशय येत नाही. नानांना आला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाटलानी धाडं का?"

"हो," मी म्हटलं. या वयात खोटं बोलायचा कंटाळा येतो. "काय म्हणत होता तो?"

नानांनी वाटी घेतली, ओट्यावर ठेवली. खालून पाहायची विसरले. "नवी बॉडी देतस म्हने. मनी एकल्यानीच. आयोगमातून नाव काढी लेवानं."

"म्हणजे तुमच्या एकट्याच्याच गाडीची? मग?"

"मी सांगं, आधी बैसाणे मॅडमनी. तो म्हने, तेनी व्हनार नही. मंग मी सांगं, मी साक्ष देस. मॅडमनी गाडी मी खालून पाह्यली शे, लांबी भरानी आधी. लिखी देस, सही करस, तारखेले उभा ऱ्हास. मनी बॉडी सडू दे."

आम्ही सगळ्यांनी मिळून हा माणूस विकला गेला असं ठरवून टाकलं होतं, तेही मेथी निवडता निवडता.

"मॅडमले सांगू नका," नाना म्हणाले. "तारखेले कळी."

"पण नाना, एवढं सांगायला इतका वेळ?"

"ते तं लगेच व्हयनं."

"मग तो करत काय होता इथे?"

नानांनी पंख्याखालची खुर्ची उगाच सरळ केली. "बठना व्हता. मीच सांगं, ऊन शे, बस. तेनी पोर बारावीले शे. तेले पाठदुखी शे. गाड्यास्ना खाले निजी निजी." मग त्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "चहा पिधा. मंग अजून मांगा. अक्का, ह्या घरमा कोनी दुसऱ्यांदा चहा मांगेल नव्हता."

कॉलनीतले आम्ही सगळे नानांशी फाटकापाशी उभं राहून बोलायचो. आत गेलं की आपलं काहीतरी उलटं करून पाहतील, या भीतीनं. मी शेजारी राहून इतकी वर्षं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. भिंतीला टेकून आणखी तीन खुर्च्या होत्या, चौघांचं घर असावं तशा, आणि त्यांच्यावर दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

मी एक ओढली, प्लॅस्टिक काढलं आणि बसले.

नाना लगबगीनं आत गेले. आत पातेलं वाजलं, पाणी वाजलं, कप धुतल्याचा आवाज आला, परत एकदा धुतल्याचा आला. माझ्या मांडीवर फोन थरथरला, पाटीलभाऊंचा. थांबला. परत थरथरला. मी तो उचलला नाही.

"अक्का," आतून हाक आली, "साखर कितली टाकू?"

"टाका अंदाजानं," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."